अंगठा आलेला फोटो

ओमेर वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी हिल्डे पौला आत्याकडे गेली, ती बिस्किटांचा जुना डबा आणायला. डब्यात घरचे फोटो होते आणि त्यांतला एक तिला शनिवारच्या अंत्यविधीआधी हवा होता. शेवटच्या महिन्यात वडिलांनी मागितलेली गोष्ट तेवढीच होती.

"कार्डावर ओळखपत्राचा फोटो लावू नकोस," ते म्हणाले होते. "त्यात मी दंड भरून आल्यासारखा दिसतो. कबुतराचा लाव. आईनं काढलेला."

कार्ड म्हणजे चर्चमध्ये अर्पणाच्या वेळी मिळतं ते. रांगेनं पुढे जायचं, ताटलीत नाणं टाकायचं, आणि गेलेल्या माणसाचा फोटो आणि तारखा छापलेलं तळहाताएवढं कार्ड घेऊन जागेवर परत यायचं. वेटरेन गावात ही कार्डं लोक प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. पौला आत्या ती खोक्यांत ठेवायची. तीन कपाटं भरून खोकी, गावांप्रमाणे लावलेली, गावात आडनावांप्रमाणे. अकरा हजारांच्या पुढे मेलेली माणसं तिच्याकडे नीट नांदत होती. स्वतः रांगेत उभं राहून घेतलेलं कार्ड खरं, अदलाबदलीत मिळालेलं निम्मं खरं, आणि टपालानं मागवलेलं म्हणजे कागद, असा तिचा हिशेब होता.

"डबा ना?" आत्या बटाटे सोलत म्हणाली. "तो गेला गं."

"गेला म्हणजे?"

"जुन्या सामानाच्या दुकानात दिला. फेब्रुवारीत. लोकेरेनची एक बाई वारली, तिच्या मुलानं तिचं सगळं जमवलेलं मला दिलं. चार खोकी. ठेवायला जागा नको?"

"म्हणून आमचे फोटो दिलेस?"

"त्यात सगळी जिवंत माणसं होती, हिल्डे. जिवंत माणसं जमवून मी काय करू? ती रस्त्यात भेटतातच."

"आई जाऊन बारा वर्षं झाली."

"तिचं कार्ड आहे की माझ्याकडे. दोन आहेत. एक बदलीचं."

चाळीस वर्षं हिल्डेनं या बाईशी वाद घातला होता आणि एकदाही जिंकली नव्हती. तिनं मान खाली घातली, आणि टेबलावर सालींच्या ढिगाखाली तिला वडील दिसले.

ते वर्तमानपत्र होतं. कपाळावर बटाट्याचं साल चिकटलेलं, तरी ओळखू येत होते. तिशीतले ओमेर, निळी कबुतरी गालाला टेकवून तोंडभर हसणारे. कबुतरांच्या शर्यतीत ती त्या दिवशी फ्रान्समधून सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती. कोपऱ्यात गुलाबी धूसर डाग. आईचा अंगठा. जॉर्जेटचा अंगठा घरातल्या निम्म्या फोटोंत होता. ती कॅमेरा असा घट्ट धरायची, जसा कुणी तो हिसकावून नेणारच आहे.

आत्यानं साल बाजूला केलं. "अगं, हा तर ओमेर."

फोटोखाली लिहिलं होतं: वानेस डे रूक, 'शीर्षक नाही (हस्तक्षेप)'. वर गेंटच्या एका कलादालनातल्या प्रदर्शनावर अर्धं पान लेख होता. चित्रकारानं एका अनामिक आनंदाला कोपऱ्यातल्या गुलाबी नकारानं कसा छेद दिला आहे, हे त्यात समजावलं होतं.

"नकार कसला?" आत्यानं विचारलं.

पान ओलं होऊन फाटलं होतं. हिल्डेनं गेंटची गाडी पकडली.

कलादालनात वडील दोन मीटर उंच होते. काचेमागे, पांढऱ्या भिंतीवर, एकटे. कबुतरीच्या डोळ्यात आकाश दिसत होतं. अंगठा पावाच्या लादीएवढा झाला होता. हिल्डे त्याच्यासमोर उभी राहिली, आणि बाजूला लाल ठिपका दिसेपर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही.

"तो विकला गेलाय," मागून आवाज आला. दालनाची मालकीण, सेव्हरीन. काळे कपडे, हलका आवाज. "एकोणीस हजार युरोला. पण त्याच मालिकेतलं एक लग्न अजून आहे."

"हे माझे वडील आहेत."

"असं पुष्कळांना वाटतं," सेव्हरीन मायेनं म्हणाली. "तीच या कामाची ताकद आहे."

"वाटतं नाही. आहेत. ओमेर. काल गेले."

सेव्हरीननं डोळे मिटून उघडले. "मनापासून दुःख वाटतं. पण कृपा करून हे नाव इथं मोठ्यानं घेऊ नका. अनामिक असणं हा त्याचा पाया आहे. घेणाऱ्यानं अनामिक माणूस घेतलाय."

"मला हा नकोच. छोटा द्या. मूळ फोटो."

"मूळ हाच." तिनं भिंतीकडे हात केला. "छोटा होता तो फक्त स्रोत. कच्चा माल म्हणा."

"कच्चा माल माझ्या आईनं काढला."

"कुणीतरी काढला असणारच."

"मग यांनी काय केलं?"

"निवडला."

"माझ्या आत्यानंही निवडला होता," हिल्डे म्हणाली. "टाकायला. आणि तो कोपऱ्यातला अंगठा आईचा आहे."

इथं सेव्हरीन पहिल्यांदा गडबडली. हातातल्या पुस्तिकेची पानं तिनं उलटली. त्यांतली तीन त्या डागाबद्दल होती. "अंगठा?"

"लेन्सपुढे यायचा. नेहमी."

"आम्ही त्याला हस्तक्षेप म्हणतो."

"आम्ही जॉर्जेटचा अंगठा म्हणायचो."

मग सेव्हरीननं सांगितलं की कच्चा माल चित्रकाराच्या संग्रहात असतो आणि तो बाहेर जाऊ देत नाहीत, कारण तो बाहेर गेला तर लोकांना मूळ कोणतं याबद्दल उगीच शंका येतात. हिल्डेनं मान हलवली. मोठ्या भांडणासाठी अंगात बळ नव्हतं, आणि शनिवार जवळ आला होता.

"मी याचा फोटो काढला तर चालेल?"

"अर्थात," सेव्हरीन म्हणाली. "सगळेच काढतात."

म्हणजे एवढंच करायचं होतं. हिल्डेनं फोन वर धरला आणि वडिलांचा फोटो काढला. कशासाठी, हे विचारल्यावर तिनं खरं ते सांगितलं. सेव्हरीननं मान तिरकी केली.

"कार्डं किती छापणार?"

"दीडशे."

"फक्त दीडशे," सेव्हरीन म्हणाली. पण 'फक्त' हा शब्द तिनं गावच्या छापखान्यात म्हणतात तसा म्हटला नाही.

अंत्यविधीचं सगळं बघणारा फिर्मिन फोनवरचा फोटो पडद्यावर मोठा करून बराच वेळ न्याहाळत होता. "कोपऱ्यातला डाग काढून देतो. पैसे नको त्याचे. ओमेर माझ्या बापाचा मित्र."

"डाग राहू दे."

"बरं. आणि काचेत एक बाई दिसतेय. छातीवर, इथं. हात वर केलेली. ती काढतो."

हिल्डे पुढे वाकली. वडिलांच्या सदऱ्यावर, कबुतरीच्या खाली, तिचं पुसट प्रतिबिंब होतं. काढताना दिसलं नव्हतं.

"ती मी आहे."

"मग?"

"राहू दे."

फिर्मिननं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि छापायला लावलं.

शनिवारी चर्च दहा मिनिटं आधीच भरलं. हिल्डेला आधी वाटलं की वडिलांची लोकांत बरीच ऊठबस होती. मग तिनं नीट पाहिलं. पुढच्या चारही बाकांवर अनोळखी माणसं होती, गेंटची आणि अँटवर्पची, चांगल्या चष्म्यांची. काळे कपडे त्यांना शोधावे लागले नसणार; ते रोजचेच होते. कबुतरांच्या क्लबातले म्हातारे रविवारच्या कोटांत मागे उभे होते, कारण त्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

"हे कोण गं?" आत्या कुजबुजली.

"फोटोसाठी आलेत."

"कार्डासाठी?" आत्यानं मागं वळून त्या सगळ्यांना पुन्हा पाहिलं, या वेळी आदरानं. "स्वतः आलेत, म्हणजे माणसं सरळ आहेत."

अर्पण सुरू झालं. हिल्डे पहिली गेली, नाणं टाकलं, कार्ड घेतलं. तिच्यामागून पाहुणे निघाले. ते ताटलीत नोटा टाकत होते, कार्ड कडांनी धरत होते आणि मागची बाजू तपासत होते. सेव्हरीननं पिशवीतून पातळ पारदर्शक पाकीट काढून कार्ड त्यात सरकवलं. एकानं फिर्मिनला हळूच विचारलं की यावर क्रमांक कुठं असतो. फिर्मिननं त्याला मृत्यूची तारीख दाखवली.

क्लबातल्या म्हाताऱ्यांपर्यंत रांग आली तेव्हा फिर्मिनच्या हातातली कार्डांची परडी रिकामी झाली होती. शेवटच्या अकरा जणांनी नाणं टाकलं, शवपेटीवर हात ठेवला आणि तसेच परत गेले. गास्तोन त्यांत होता. पन्नास वर्षं ओमेरच्या शेजारी ज्याचं खुराडं होतं तो गास्तोन. तो जाताना आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता. हिल्डे उठली आणि तिनं आपलं कार्ड त्याला दिलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांपाशी नेलं.

"निळी," तो म्हणाला. "हिनं आम्हाला त्या वर्षी धुतलं होतं."

दफनानंतर सभागृहात कॉफी होती, हॅमचे आणि चीजचे गोल पाव होते. पाहुणे राहिले. त्यांना पाव आवडले. हिल्डेनं फिर्मिनला सोमवारी आणखी पन्नास कार्डं छापायला सांगितली, तेव्हा दोन बायका एकदम बोलल्या.

"दुसरी आवृत्ती?" सेव्हरीन म्हणाली.

"रांगेत न घेतलेलं कार्ड?" आत्या म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतका वेळ सभागृहात दोघींनाही आपल्यासारखं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं.

"त्याला अर्थ नाही," सेव्हरीन म्हणाली.

"कागद," आत्यानं मान डोलावली.

"आम्हाला सोमवारी चालेल," मागून गास्तोन म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात दारातून एक चाळिशीचा, धावत आलेला माणूस आत शिरला. ओल्या केसांवरून हात फिरवत त्यानं हिल्डेला शोधलं. तो वानेस डे रूक होता. अँटवर्पची गाडी बंद पडली होती. त्यानं तिचा हात हातात घेऊन सांत्वन केलं, व्यवस्थित, मुरलेल्या माणसासारखं, आणि मग लाजत विचारलं, "मला एक कार्ड मिळेल?"

"संपली."

"तीन आहेत माझ्याकडे," आत्या म्हणाली.

"आत्या, तीन कशी?"

"तीनदा रांगेत उभी राहिले. तीनदा नाणं टाकलं. फिर्मिनला विचार." ती वानेसकडे वळली. "मी देत नाही, बदलते. तुझ्याकडे काय आहे?"

वानेसनं खिसे चाचपले. वहीतून त्यानं एक छोटा, कडा पिवळ्या पडलेला फोटो काढला. "हा आहे. पण हा नुसता स्रोत आहे, याला काही किंमत नाही."

"वानेस," सेव्हरीन म्हणाली, "तो संग्रहातला आहे."

तो ऐकत नव्हता. आत्यानं पुढे केलेलं कार्ड तो बघत होता. "यात कुणीतरी बघतंय," तो हळू म्हणाला. "माझ्या कामात कुणीच नव्हतं." मग सेव्हरीनला म्हणाला, "मूळ हे आहे. घेणाऱ्याला सांगावं लागेल."

"तू सांग," सेव्हरीन म्हणाली आणि खुर्चीत बसली.

"एकास एक," आत्या म्हणाली. व्यवहार झाला. तिनं फोटोकडे नजर टाकली, "जिवंत," म्हणाली, आणि तो हिल्डेच्या बशीशेजारी ठेवला.

हिल्डेनं फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं, आईच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ओमेर आणि निळी. फसला. पुन्हा काढणे.

पुन्हा काढला नव्हता कधी. तिनं फोटो पर्समध्ये आतल्या बाजूला ठेवला, कॉफीचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे कळून परत ठेवला. मागे वानेस कुणाला तरी सांगत होता की स्रोतापासून सुटका झाल्यावर काम खऱ्या अर्थानं सुरू होतं.

"आत्या," ती म्हणाली, "मला कार्ड राहिलं नाही."

"तुला मिळालं की. सगळ्यांत पहिलं."

"गास्तोनला दिलं."

"मग दिलंस." आत्यानं पर्स मांडीवर जवळ घेतली. "माझ्याकडे दोन उरलीत. एक खोक्यात जाणार, दुसरं बदलीचं. तुला फुकट दिलं तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

हिल्डेनं पर्स पुन्हा उघडली. फिर्मिननं पहिल्या दिवशी, गरज पडली तर म्हणून, आणायला सांगितलेला ओळखपत्राचा फोटो तिथंच होता. तिनं तो टेबलावर सरकवला.

"हाही जिवंत आहे," आत्या म्हणाली.

हिल्डेनं तो आणखी पुढे सरकवला.

आत्यानं फोटो उचलला आणि खिडकीकडे धरला. बराच वेळ धरून ठेवला. भावाचे घट्ट मिटलेले ओठ, ताठ कॉलर, समोरच्याकडून पावतीची वाट बघणारे डोळे.

"दंड भरून आल्यासारखा दिसतो," ती म्हणाली.

"हो."

"शाळेतूनही असाच यायचा." तिनं कार्ड काढून हिल्डेच्या हातात दिलं. फोटो तिनं कार्डांच्या कप्प्यात घातला नाही. चष्म्याच्या घरात, चष्म्याच्या मागे ठेवला आणि झाकण लावलं. "कुठल्या खोक्यात ठेवायचा, ते बघायला लागेल."