कुरणाबाहेर गेलेला शब्द

आमच्या ड्रेन्थ प्रांतातल्या डच गावात संध्याकाळी सहाला ज्याच्या ताटात बटाटे नसतात, तो माणूस एकतर परदेशी असतो किंवा मेलेला. म्हणून सभा पाचला. भांडणालाही शेवट हवा.

त्या दिवशी गावकुरणाचा निकाल होता. तिथे हिलेखिनच्या गायी चरायच्या, की रूलॉफकडे सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांच्या कॅराव्हॅन उभ्या राहायच्या? कुरण गेलं तर हिलेखिनला गायी विकाव्या लागणार होत्या. हजर असतील त्यांच्या मतांवर ठरायचं, आणि सभेत रूलॉफची माणसं दुप्पट. निसर्गावर या मंडळींचं फार प्रेम. फक्त त्याला शेणाचा वास नको.

अध्यक्ष वोल्बर्ट मास्तर, गावाचे निवृत्त शिक्षक. बोलायला लागले की चऱ्हाट संपत नाही. हिलेखिनने फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं: ‘कृपया आउटवेइदन नको.’ म्हणजे पाल्हाळ नको.

मास्तरांनी चष्मा पुसला.

“हे काय लिहिलंस, हिलेखिन?”

“चुकलं का, मास्तर?”

“अगं, उच्चार तोच, पण अक्षर दुसरं! तू ‘रुंद’ या अर्थाच्या शब्दातलं घातलंस. हा शब्द कुरणातला! गाय चरत चरत कुरणाबाहेर जाते, ते आउटवेइदन. पुढे माणसाची जीभही तशीच—”

“मास्तर, मतं घ्या की!” रूलॉफ ओरडला.

“घेतो रे. आधी गाय समजून घे.”

गायीवरून मास्तर गवतावर गेले, गवतावरून जुन्या जर्मन बोलींवर, तिथून एका शाळा तपासनिसावर, ज्याला म्हणे हे अक्षर कधी जमलंच नाही. चर्चमध्ये सहाचे ठोके पडले. खुर्च्या सरकल्या.

“हे आता तासभर थांबत नाहीत,” रूलॉफ आपल्या माणसांना म्हणाला. “खाऊन येऊ.”

गेले. हिलेखिनच्या माणसांनी पिशव्यांतून चीज लावलेला पाव काढला. मी तर घरून जेवूनच आलो होतो. तिचा तसा निरोपच होता.

“पटलं, मास्तर,” हिलेखिन गोड आवाजात म्हणाली. “आता मतं?”

हात वर झाले. कुरण गायींचं झालं. सगळे हात एकाच बाजूला, हे मास्तरांच्या लक्षातही आलं नाही.

मी तिला हळूच विचारलं, “शुद्धलेखन इतकं कच्चं कधीपासून?”

“कच्चं? याच शब्दासाठी तिसरीत मास्तरांनी मला फळाभर लिहायला लावलं होतं.”

रूलॉफ परत आला तेव्हा त्याच्या हनुवटीला रस्सा लागला होता, आणि मास्तर रिकाम्या खुर्च्यांना ‘कुंपण’ शब्द कुठून आला ते सांगत होते.