बाटलीतलं बळ

कंदांच्या व्यापाऱ्याचा मोठा काटा अंगणाच्या मधोमध आणून ठेवला होता आणि आमचं अख्खं सान रोके गाव त्याच्याभोवती दाटलं होतं. एलिएसेर सिमार्रा नुसत्या चड्डीवर काट्यावर चढला. व्यापाऱ्यानं दांडीवरचं वजन सरकवलं, आणखी सरकवलं. दांडी थरथरून थांबली. सहासष्ट किलो. गावच्या जत्रेत हाच पोरगा साठाला टेकत नव्हता, आणि जत्रा होऊन महिनाच झाला होता.

बाया आनंदानं रडायला लागल्या. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. बळाचा काढा विकणाऱ्या सेराफिनभाऊनं डोळे मिटून हात वर केले.

"लोखंडाला शिवलास का रे?" त्यानं विचारलं.

"नाही भाऊ."

"ऐका. आपले पूर्वज पायातल्या बेड्या तोडून या रानात पळून आले. आपलं रक्त लोखंड विसरलेलं नाही. डंबेल दिसलं की आपला स्नायू घाबरून हाडामागं दडतो. माझा काढा त्याला हाक मारतो. ये बाबा बाहेर, इथं साखळी नाही."

हे सांगायला तो ज्या मोटारसायकलीवरून आला होता ती लोखंडाची होती. काढा उकळायची कढई लोखंडाची होती. पण असलं काही विचारायला डोकं लागतं, आणि त्या सकाळी ते आम्ही सगळे घरी ठेवून आलो होतो. मीसुद्धा. आमच्या गावात बॉक्सर शेतातल्या पिकासारखे निघतात. पोराचं वजन वाढलं की आईचे दिवस पालटतात, हे शेंबडं पोरही जाणतं. एलिएसेरच्या आईचे पालटायचे ते शनिवारी. शहरातल्या लढती भरवणाऱ्यानं त्याला वरच्या वजनगटात उभं करायचं कबूल केलं होतं. समोर बारांकियाच्या बंदरावर पोती वाहणारा गडी. तो पडला की एलिएसेरशी वर्षभराचा करार.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. निकानोर कसियानी, आमचा वस्ताद. मी त्याच्या तालमीत कोपऱ्यातली बादली आणि टॉवेल सांभाळतो, त्यामुळं त्याचं तोंड मला वाचता येतं. मला वाटलं, जळतोय. तसं नव्हतं. चोरी पकडली जाईल म्हणून घाबरलेल्या माणसाचं ते तोंड होतं.

कारण 'लोखंडानं मूठ आखडते' हे वाक्य मुळात त्याचं. आयुष्यभर तो तेच सांगत आला. त्याच्या तालमीत वजनं नाहीत. दोरीवरच्या उड्या, ओढ्यात प्रवाहाच्या उलटं पोहणं, जुन्या टायरवर घण घालणं, कंदांची गोणी खांद्यावर घेऊन चढण चढणं, आणि पाठीवर भाऊ-बहीण बसवून जोर काढणं. त्यावर भात, राजमा, अंडी, मासे, केळी, आणि भरपूर झोप. त्यातून वर्षाला दोन-तीन किलो चढतात, पण चढलेले उतरत नाहीत. एलिएसेरला तेवढा दम नव्हता. तो मागं लागला तेव्हा वस्ताद कावून म्हणाला होता, सहा किलो वाढव आणि मगच तोंड दाखव. पोरगा त्या बोलण्यावरून उठला तो थेट सेराफिनभाऊच्या दारात. भाऊनं वस्तादाचंच वाक्य उचललं, त्याला बेड्या जोडल्या आणि बाटलीत भरून विकलं.

दुपारी पोरगा तालमीत आला. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल झालेला. वस्ताद म्हणाला, उखळात भात कांडून दाखव. आमच्याकडं पोरींनाही जमतं ते. एलिएसेरनं मुसळ उचललं, थोडं कांडलं आणि दम खात उभा राहिला. मग वस्तादानं त्याला उकिडवं बसवलं आणि म्हणाला, ऊठ. पोरगा रिंगणाच्या दोरीला धरून उठला. हसायला लागला, पण मांड्या कापत होत्या.

वस्ताद खाली बसला. त्यानं पोराचा मोजा उतरवला. इलॅस्टिकचा वण खोल रुतला होता. त्याच्या वर, नडगीवर, त्यानं अंगठा दाबून धरला आणि काढला. खळगा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत राहतो तसा.

"हे काय आहे वस्ताद?"

"माझं पाप आहे," वस्ताद म्हणाला. "चल दवाखान्यात."

दवाखान्यात डॉक्टर मारिसेल होती. तिनं रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, बोटातून रक्त काढून साखर पाहिली. भूक फार लागते का, झोप उडाली आहे का, काढ्याबरोबर भाऊ खायला काय सांगतो, असं एकेक विचारत गेली. खारवलेलं चीज, खारी मासळी आणि वर भरपूर पाणी, एलिएसेर म्हणाला. तिनं बाटली मागितली आणि न हलवता खिडकीत ठेवली. तळाशी पांढरा गाळ बसला. काढा कापडातून गाळला तेव्हा कापडावर एक अर्धवट विरघळलेली गोळी राहिली, मधोमध रेघ असलेली. तिनं कपाटातून तशीच एक काढून शेजारी ठेवली. दम्याला आणि सांध्यांच्या सुजेला देतात ती.

ती म्हणाली, ही गोळी मापात घेतली तर जीव वाचवते. अशी ढोसली तर अंगात पाणी साठतं, मीठ ते धरून ठेवतं, तोंड सुजतं, भूक खवळते, आणि हातापायांचे स्नायू आतून झिजतात. "काटा खोटं बोलला नाही. त्यानं पाणी मोजलं. शनिवारी तो पोतीवाला याला मारेल तेव्हा मध्ये स्नायू नसेल, आणि हा रक्तदाब घेऊन रिंगणात चढला तर मेंदूची नस फुटू शकते."

उबाल्दिना, पोराची आई, तोवर पोचली होती. दोन कोंबड्या विकून बाटल्या तिनंच आणल्या होत्या. ती डॉक्टरशी बोलली नाही. वस्तादाकडं वळली.

"तूच म्हणालास ना, मगच तोंड दाखव?"

"म्हणालो," वस्ताद म्हणाला.

शुक्रवारी सेराफिनभाऊ पुन्हा अंगणात उभा राहिला तेव्हा डॉक्टर आणि वस्ताद पुढं झाले. काढा घेणाऱ्यांनी बाकावर पाय ठेवा, वस्ताद म्हणाला. काहींनी ठेवले. तो एकेकाच्या नडगीवर अंगठा दाबत गेला आणि खळग्यांची रांग लागली. भाऊ म्हणाला, बळ अजून ओलं आहे, सुकायला वेळ लागतो.

"मग दोरीवर वाळत घाल की," मागून एक बाई म्हणाली. "गुरवारपासून माझी चप्पल चढत नाही."

डॉक्टरनं सगळ्यांसमोर बाटल्या कापडातून गाळल्या. गोळ्यांचे तुकडे हातोहात फिरले. तिनं बजावलं, काढा आपल्या मनानं एकदम तोडू नका, शरीर कोसळेल, माझ्याकडं या, हळूहळू कमी करू. लोक तुकडे बघत होते तेवढ्यात भाऊनं मोटारसायकलीला किक मारली. रस्त्यात आडवं कोणी गेलं नाही. फसलेल्या माणसाला आपलं तोंड लपवायची घाई जास्त असते.

वस्तादानं तिथूनच शहरात फोन लावला. पोरगा लढणार नाही, तो आजारी आहे आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. पलीकडून काय आलं ते कळलं नाही; करार मात्र गेला. एलिएसेर भिंतीला टेकून सगळं ऐकत होता.

"वस्ताद, एक खरं सांगा. लोखंडानं मूठ आखडते का?"

वस्तादानं फोन खिशात ठेवला.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "माझा वस्ताद म्हणायचा. मी कधी करून पाहिलं नाही."

"म्हणजे तुम्हीपण बाटलीच विकत होता."

डॉक्टर मध्ये पडली. स्नायूला ओझं कळतं, त्या ओझ्याचा धातू कळत नाही, ती म्हणाली. कंदाची गोणी असो, घण असो की स्वतःचंच अंग, ओझं रोज थोडं वाढत गेलं, पोटात पुरेसं अन्न पडलं आणि झोप मिळाली की बळ येतं. वजनं नसली तरी चालतं. असली तरी मूठ आखडत नाही.

एलिएसेर बरा होतो आहे. वस्तादाशी अजून बोलत नाही, आणि वस्ताद त्याला बोल म्हणत नाही.

सेराफिनभाऊला चार शिव्या हासडून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याला पायरी आम्हीच करून दिली होती. आवडत्या माणसाचं न तपासलेलं वाक्य आम्ही सगळ्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं, मग त्यावर कोणीही भामट्यानं शेंदूर फासावा. म्हणून सांगतो, असल्या काढेवाल्या बाबाला प्रश्न विचाराच, पण आधी आपल्या वस्तादाला विचारा, आईला विचारा, स्वतःला विचारा: हे कशावरून? तुम्ही करून पाहिलंय का? ज्याला उत्तर येत नसेल त्यानं निकानोरसारखं 'ठाऊक नाही' म्हणावं. आणि ते पोर बाटलीकडं जाण्याआधी म्हणावं.