मंगळवारचे दहा दात

दंत-प्रयोगशाळेतल्या मशीनचं पातं मुंगीच्या पावलानं खाली सरकत होतं. ‘टक्’ झालं आणि गाईच्या दातावर चिकटवलेला भरणीचा मुगाएवढा गोळा सुटून ट्रेमध्ये पडला. तो सुटायला लागलेल्या जोराचा आकडा पडद्यावर उमटला : तेवीस.

“गुरुवारचे दहाच्या दहा वीसच्या वर,” जिनसोल म्हणाली. “ताई, तुझे मंगळवारचेच काय ते रुसलेत.”

मीराननं मान डोलावली. मंगळवारी तिनं स्वतः चिकटवलेले दहा गोळे नऊ-दहालाच सुटून आले होते. भरणी दाताला चिकटवणारा बाँड एकाच बाटलीतला, तो घट्ट करणारा दिवा तोच, आणि दातही नाजू गावच्या कत्तलखान्यातून एकाच खेपेला आलेले.

“दिव्याचा जोर मोजलास?”

“दोनदा मोजला. आणि तकसरांनी मला विचारून तिसऱ्यांदा स्वतः मोजला. त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे ना!”

प्रयोगशाळेचे प्रमुख तकसर आत आले ते हातात कागद घेऊनच. “बाँडच्या कंपनीला तीन वाजता कळवतोय. बाँड नापास. एक दिवस घट्ट धरतो, एक दिवस सोडून देतो, असला माल मी पोरांच्या तोंडात जाऊ देणार नाही.” दारातून वळून म्हणाले, “मीरान, तुझ्या नेमणुकीच्या मुदतवाढीचा कागदही माझ्या टेबलावर पडलाय. दहा दिवस उरलेत तुझे. बघू.”

दोन वर्षं घरी राहून मीरान मार्चमध्ये परतली होती. पोर झालेल्या बाईचं लक्ष अर्धं पाळणाघरात असतं, हे तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. पण तिला ते रोज ऐकू यायचं.

सव्वा वाजला होता. जेवायला न जाता तिनं सुटलेले वीसही गोळे उलटे करून सूक्ष्मदर्शकाखाली मांडले. चिकटलेली गोष्ट कशी सुटते हे बघायला तिला पहिल्यापासून आवडायचं. आकड्यात कळत नाही ते तुटलेल्या जागेत दिसतं.

गुरुवारच्या गोळ्यांच्या बुडाला दाताचे कपचे लागून आलेले होते. गोळा सुटताना दातालाच ओरबाडून आला होता. ते ठीकच. मंगळवारच्यांचं बूड मात्र साफ. तिनं भिंग आणखी मोठं केलं. साफ कुठलं? भोकं होती. बारीक, गोल, शेजारी शेजारी, आंबोळीला पडते तशी जाळी.

“जिनसोल, इकडे ये. हे काय दिसतं तुला?”

जिनसोल किंबापचा, भाताच्या गुंडाळीचा, तुकडा गालात धरून वाकली. “बुडबुडे! हवा अडकली असेल. तू बाँड घोटलास का जोरात?”

“घोटला असता तर आतपर्यंत असते. हे फक्त दाताला टेकलेल्या बाजूला आहेत. म्हणजे हवा बाँडमधली नाही, दातातून आलीय.”

“मेलेल्या गाईचा दात श्वास कसा सोडेल, ताई?”

मीरान हसली, आणि मधेच थांबली. दातातून वायू. फेस. सोमवारी संध्याकाळी तिनं पाहिलेला फेस.

सोमवारी दातांची बरणी आली तेव्हा ती एकटी होती. दातांना मांसाचे लोंबते तुकडे होते. घरी लेक दाओन अडीच वर्षांची. आई दिसली की आधी आईची बोटं तोंडात घालणारी, हिवाळाभर कान दुखून रडलेली. जंतू मारायला बरणीतलं नेहमीचं औषधाचं पाणी मीरानला पुरेसं वाटेना. तिनं मंगळवारसाठी दहा दात वेगळे काढले आणि त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, जखमेवर ओततात ते. उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस वर आला. तिला बरं वाटलं. रात्रभर तसेच ठेवून सकाळी तिनं दात पाण्यानं धुतले, आणि धुतल्यावर काय लिहायचं म्हणून वहीत काहीच लिहिलं नाही.

दात मात्र आतून धुतले गेले नव्हते. त्यात प्राणवायू साठून राहिला होता, आणि प्राणवायू असला की बाँड नीट घट्ट होत नाही.

न बोलता राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. नापास बाँड होणार होता, ती नव्हे. तीनला दहा मिनिटं कमी असताना तिनं तकसरांच्या दारावर टकटक केली.

तिचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “पेरॉक्साइडनं दात पांढरे करून घेतल्यावर लगेच भरणी करू नये, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मी शिकवतो. तुलाही मीच शिकवलंय.”

“हो सर. पण ते माणसाच्या दातांचं म्हणून डोक्यात होतं. बरणी साफ करताना आठवलंच नाही.”

“आणि वहीत का नाही लिहिलंस?”

“भीती वाटली म्हणून केलं होतं. भीती कशी लिहायची, कळलं नाही.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कागदावरचं ‘नापास’ खोडून ‘तपासणी चालू’ असं लिहिलं. “हे तू आत्ता सांगतेयस. तीननंतर सांगितलं असतंस तर कंपनीच्या लोकांची दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. जा, वहीत लिही. भीतीसकट.”

तिनं जायला हवं होतं. पण भोकांची ती जाळी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

“सर, तो वायू दातातून निघायला किती दिवस लागतात?”

“पुस्तकात दोन आठवडे दिलेत.”

“या बाँडला कदाचित कमी लागतील. चार बरण्या लावू? एक दिवस, तीन दिवस, आठवडा, चौदा दिवस. सगळे दात आधी मुद्दाम पेरॉक्साइडमध्ये भिजवून, मग तेवढे दिवस साध्या पाण्यात ठेवून.”

“तुझे दहाच दिवस उरलेत.”

“म्हणूनच विचारते. चौदाव्या दिवसाची बरणी कुणी उघडायची?”

तकसरांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या गठ्ठ्यातून तिच्या नेमणुकीचा कागद उपसून सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

“जिनं भिजवले तीच उघडेल,” ते म्हणाले. “आणि हातमोजे घाल.”