बिनसालाची बाटली

नोव्हेंबरात आलेल्या एका पत्राला आन्सेल्म मास्तरांनी फेब्रुवारी उजाडला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्र परमुलखातून आलेलं नव्हतं. चर्चमागच्या आळीतून पुतणीनं, क्लोतील्दनं, टपालानं पाठवलं होतं. तोंडावर विचारलं तर काका हो म्हणत नाहीत नि नाहीही म्हणत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं लिहिलं होतं:

'काका, बाबा गेल्यापासून चवीच्या टेबलाशी चौथी खुर्ची रिकामी आहे. यंदाची वाइन मला जुळवायची आहे आणि भीती वाटते. आपल्या बिनसालाच्या, लेबलावर वर्ष न छापलेल्या बाटलीची चव बदलली तर जुनी गिऱ्हाइकं पहिल्याच घोटाला ओळखतील. तुम्ही बसाल का? बसणार नसाल तर बाहेरचा जाणकार बोलावते. पण कळवा.'

मास्तरांनी नऊ मसुदे केले. पहिल्यात फार विनय झाला, चौथ्यात फार अलंकार, आठवा त्यांचा त्यांनाच खोटा वाटला. चाळीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलेला माणूस तो. थोरल्या भावाच्या, फिर्मँच्या, नाकाची सर त्याला कुठून येणार? आणि शॅम्पेन तर तीन वर्षांनी बाटलीतून बाहेर येते. तेव्हा चूक निघाली आणि आपण दुर्दैवानं जिवंत असलो तर?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वहिनींनी, म्हणजे ओदीलनी, जेवायला बोलावलं. वेळ दुपारी बाराची. उशीर होईल या धास्तीनं मास्तर दहालाच पोचले, नुसत्या कॉफीवर, काखेत परत करायचं पुस्तक घेऊन. स्वयंपाकघरात टेबलावर पेल्यांच्या रांगा लागल्या होत्या.

"आलात? बसा," क्लोतील्द म्हणाली.

"मी आपला पुस्तक द्यायला..."

"पुस्तक खिडकीत ठेवा आणि बसा. उभ्यानं चव कळत नाही."

तळघर सांभाळणारा बाझील गालात हसला. "मास्तर, पेला दांडीला धरायचा. खडूसारखा नव्हे."

आधी वेगवेगळ्या टाक्यांमधल्या सहा नव्या वाइन, मग क्लोतील्दनं जुळवलेली तीन मिश्रणं, आणि सगळ्याच्या दोन फेऱ्या. अजून बुडबुडे नाहीत, नुसती दात आंबवणारी, हिरव्या सफरचंदासारखी वाइन. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. बाझीलची धार हातभर लांबून बादलीत पडे, एक थेंब इकडेतिकडे नाही. क्लोतील्दही सराईत. मास्तरांना मात्र वहिनींसमोर थुंकायचा धीर होईना. जन्मात थुंकलो नाही, आता म्हातारपणी काय, असं म्हणत त्यांनी पहिला घोट गिळला. मग दुसरा. मग सगळेच.

या घरात बोलायची पद्धत होती. सगळ्यांचं चाखून होईपर्यंत गप्प बसायचं आणि मग सर्वांत धाकट्यानं आधी बोलायचं, म्हणजे थोरांच्या दडपणानं कुणी मत बदलत नाही.

"दोन नंबर," क्लोतील्द म्हणाली.

"दोन," बाझील म्हणाला.

"स्वच्छ आहे. दोनच," वहिनी म्हणाल्या.

मग तिघांनी मास्तरांकडे पाहिलं. एरवी त्यांनी दोन म्हणून मान खाली घातली असती. पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि जीभ भलतीच सैल झाली होती.

"दोन नंबर चांगली आहे," ते म्हणाले. "पण आपली नाही."

"म्हणजे?"

"घोट संपला की ही टोपी घालून निघून जाते. आपली बाटली उंबऱ्यावर उभी राहून अजून अर्धा तास बोलते. निरोप घेता घेता तिला सुकवलेल्या पेअरची आठवण निघते, भाजलेल्या पावाची निघते..."

"वहिनीसाहेबांसारखी!" बाझील म्हणाला.

"बाझील, तुला जेवायचंय ना आज?" वहिनी म्हणाल्या, पण हसल्याच. मग त्यांनी मास्तरांच्या पायाशी वाकून पाहिलं. "अहो भावजी, तुमची बादली कोरडी कशी?"

क्षणभर कुणाला उमगेना. मग बाझीलनं टेबलावर थाप मारली. "अठरा घोट! मास्तरांनी अठराही घोट पोटात घातले!"

मास्तर लालबुंद होऊन उठले. "माफ करा. चढलेल्या माणसाचं मत धरू नका. मी येतो."

"काका, बसा." क्लोतील्दनं त्यांची बाही धरली. ती हसत नव्हती. "काय कमी आहे ते सांगा. चार महिने मी हेच विचारतेय."

मास्तर बसले. "जुनी टाकी," ते म्हणाले.

क्लोतील्दच्या आजोबांनी भरलेली टाकी ती. दर हिवाळ्यात तिच्यातली थोडी वाइन काढायची आणि तेवढीच नवी ओतायची. त्यामुळे तिच्यात सगळी वर्षं एकत्र नांदत होती. जड होईल या भीतीनं क्लोतील्दनं मिश्रणात तिचा दहावा हिस्साच घातला होता.

बाझीलनं मोजनळी घेतली. पाचवा हिस्सा घातला. "फार झाली," मास्तर स्वतःच म्हणाले. थोडी कमी केली, मग मळ्याच्या नदीकाठच्या तुकड्यातल्या काळ्या द्राक्षांची वाइन चमचाभर वाढवली. चौघांनी चाखली.

वहिनींनी तो घोट थुंकला नाही. बाझीलनंही नाही.

"ही," वहिनी एवढंच म्हणाल्या आणि उठून तळघराकडे निघाल्या. "आज ती साल छापलेली चांगली बाटली काढते, फिर्मँनं जपलेली."

"नको, वहिनी," मास्तर म्हणाले. आज त्यांना कोण आवरणार होतं? "साधी काढा. बिनसालाची. आपण रोज विकतो ती."

तीच निघाली. भांड्यातली कोबी-डुकराच्या मांसाची वाफ आणि पेल्यातला बारीक फेस एकाच वेळी वर येत होता. क्लोतील्दनं एका हातात सकाळचं मिश्रण आणि दुसऱ्यात ही शॅम्पेन धरली, आळीपाळीनं घोट घेतले आणि खुर्चीवरच नाचायला लागली.

"बहिणी आहेत हो! एक शाळेतली आणि एक लग्नाची!"

"आणि शाळेतली चुकली तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर तीन वर्षांनी शिव्या घालायला तुम्ही समोर पाहिजे. दुसऱ्या कुणाला घालू?"

बाझीलनं त्यांचा पेला पुन्हा भरला. चीज आलं, मग टार्ट आली, मग फिर्मँच्या गोष्टी निघाल्या. त्याला एकदा सर्दी झालेली असताना त्यानं बायकोच्या नाकावर अख्ख्या वर्षाची वाइन जुळवली होती, हे वहिनींनी आज पहिल्यांदा कबूल केलं. मास्तर डोळे पुसेपर्यंत हसले.

निघताना क्लोतील्दनं दारात गाठलं. "काका, उत्तर मात्र लेखीच हवं. सवलत नाही."

घरी येऊन त्यांनी नऊ मसुदे बाजूला सारले आणि नवा कागद घेतला. 'बसतो. दरवर्षी. काका.' शाईचा डाग पडला, तो तसाच ठेवला. पत्र रीम्स शहराच्या मोठ्या टपालकचेरीत जाऊन, शिक्के खाऊन, सोमवारी-मंगळवारी तीन आळ्या पलीकडे परत येणार होतं. चारच्या आत टपालाची पिवळी गाडी पेटी रिकामी करी, म्हणून मास्तर स्वेटरवरच, टोपी न घालता निघाले आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.