चोचीवर आळ

म्हाताऱ्याच्या छातीला टाके पडले त्याच दिवशी म्हातारीने त्याची हातोडी कपाटात चादरींखाली कोंबली. जखम भरेपर्यंत ठोकाठोक बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उभा जन्म सुतारकामात गेलेला माणूस कसला ऐकतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच दुपारी जरा लवंडल्यावर मागच्या शेडकडून टकटक आली की तिचे कान टवकारायचे. विचारलं तर म्हातारा साळसूदपणे सांगायचा, अगं, वाळक्या झाडावरचा सुतारपक्षी तो.

पक्षी खरंच होता. लाल तुऱ्याचा, ताठ शेपटीचा टेकू देऊन खोडाला चिकटलेला. त्याची जीभ इतकी लांब असते की कवटीला मागून वळसा घालते, असं सुनेने एकदा जेवताना सांगितलं. म्हाताऱ्याने बायकोकडे बघितलं आणि मुकाट्याने पाणी प्यायला. त्या न बोललेल्या बोलण्यापायी त्याला संध्याकाळी बिनसाखरेचा चहा मिळाला.

पण म्हातारीचे कानही सुताराच्या घरात मुरलेले. पक्षी ठोकतो ते एका दमात, टर्रर्र. इथे दोन ठोके आणि मग थांबणं. ठोकून मागे सरायचं, डोळा बारीक करून बघायचं, हे पक्षी कधीपासून करायला लागला?

आज ती अंगणात आली तर पक्षी खोडावर गप्प, पंख साफ करत बसलेला. टकटक चालूच. मग शेडमधून "आई गं" ऐकू आलं.

"पक्ष्याला वाचाही फुटली वाटतं," म्हणत तिने दार लोटलं.

म्हातारा तोंडात अंगठा घालून उभा. दुसऱ्या हातात खलबत्त्यातला बत्ता, ज्याच्या हरवण्यावरून तिने सुनेला चांगलं फैलावर घेतलं होतं. पुढ्यात स्वयंपाकघरातलं स्टूल, लग्नापासून लंगडणारं. जगाची दारं सरळ करता, घरातलं एक स्टूल होत नाही, हा तिचा रोजचा टोमणा.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचा हात छातीकडे गेला. ती झटकन पुढे झाली.

"दुखतंय?"

"पेन्सिल शोधतोय, खिशात होती."

ती धप्पकन स्टुलावर बसली. ते डुगडुगलं.

"हलतंय अजून," ती म्हणाली. "उद्या करा. बसून, माझ्यासमोर. तुम्ही नुसतं घासायचं, ठोकायचं ते मी."

"तुला जमेल?"

"इतकी वर्षं तुम्हाला ठोकून सरळ केलं. हे तर लाकूड आहे."

बत्ता घेऊन ती घराकडे निघाली. सुनेला काय सांगायचं, ते झाडापाशी येईतो तिचं ठरलं होतं. पक्ष्याने नेला होता.