बारक्याच्या ताटातला पहिला घास

बारक्या कॉलेजच्या फाटकापाशी उभा होता आणि मी त्याला न ओळखता तशीच पुढे गेले. माझा सख्खा धाकटा भाऊ. उंचीने मला केव्हाच मागे टाकलं तरी घरात तो बारक्याच राहिला होता. आता ते नाव त्याला शोभायला लागलं होतं. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता.

"काय खातोस रे?"

"सगळं."

खोलीवर गेलो. सगळं म्हणजे पाव, केळी आणि किटलीत उकडलेली अंडी. आई गेल्यापासून तो बाहेर जेवायचं टाळतच आला होता.

त्याला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे घसा सुजतो, श्वास अडतो. लहान असताना एका बिस्किटाने त्याला दवाखान्यात पोचवलं. तेव्हापासून बाहेर जेवायला बसलो की त्याच्या ताटातला पहिला घास आई घ्यायची. सावकाश चावायची, मान हलवायची, मग हा चमचा उचलायचा. मिसरूड फुटल्यावरही. मित्रांदेखतही.

मी शनिवार-रविवारपुरती आले होते. जाण्याआधी त्याला चार लोकांत बसून पोटभर जेवताना बघायचं, एवढंच मनाशी धरलं होतं. नाहीतर या गावात त्याचा निभाव लागणार नव्हता. त्याची मनगटंच तसं सांगत होती.

शनिवारी दुपारी फाटकासमोरच्या हॉटेलात गेलो. भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो, टेबलांवर कोरलेली नावं. मी गल्ल्यावर विचारून आले. बारक्याने भात इकडचा तिकडे केला आणि पाणी प्यायला.

"अरे, विचारलंय मी. नाही घालत म्हणाले."

"मलाही एकदा नाही म्हणाले होते. खोलीवर येईपर्यंत ओठ हे एवढे. इंजेक्शन माझं मीच टोचून घेतलं."

"आणि घरी कळवलं नाहीस?"

"कुणाला कळवू? बाबांना? ते फोनवर हवापाण्याशिवाय काही बोलतात का?"

संध्याकाळी वाचनालयामागच्या लहानशा खाणावळीत सूपवर साय धरेपर्यंत तो चमचा न उचलता बसून राहिला. मालकीणबाईंनी येऊन विचारलं, आवडलं नाही का? तो म्हणाला, पोट भरलंय. त्यांनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि वाडगा उचलला.

रविवारी दुपारी त्यानेच मला एका तळघरातल्या हॉटेलात नेलं. पायऱ्या उतरतानाच गलका ऐकू आला. सगळी टेबलं विद्यार्थ्यांनी भरलेली.

"इथे विचारायचं नाही हं, ताई. सगळी वर्गातली पोरं आहेत. तू फक्त चव बघ, आईसारखी. तू बघितलीस तर मी खाईन."

महिन्याभरापूर्वी मला ताप येऊन गेला आणि त्यात माझी चव गेली, वासही गेला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. घरात आधीच दुःख काय कमी होतं, म्हणून मी कुणाला बोलले नव्हते.

ताट आलं. भात, कोंबडी, वर दाट तपकिरी सॉस. बारक्याने ते माझ्याकडे सरकवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. अगदी लहानपणी बघायचा तसा. मी घास घेतला. गरम होतं, मऊ होतं. बाकी काही नाही. मी सावकाश चावलं. आणि माझी मान हलली. मी ठरवून हलवली नव्हती, पण हलली.

त्याने चमचा भरला.

मी त्याचं मनगट धरलं. सॉस टेबलावर सांडला. शेजारच्या टेबलावरचं हसणं थांबलं.

"मला चव लागत नाही. तापापासून. काहीच लागत नाही."

"मग मान कशाला हलवलीस?" तो दात-ओठ खात, हळू आवाजात म्हणाला. "मेलो असतो ना मी!"

"ऐक. आईसुद्धा चवीवर विसंबायची नाही. हात धुवायला म्हणून उठायची ना, ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात जायची. मी असायची बरोबर. डबे उघडून बघायची, तेल कुठलं ते विचारायची, आचाऱ्याला भंडावून सोडायची. मग येऊन घास घ्यायची, तू घाबरू नयेस म्हणून."

"म्हणजे एवढी वर्षं नाटक?"

"घास तेवढा नाटक. बाकीचं नाही."

तो उठला. वाटलं, जिन्याकडे जाईल. तो ताट उचलून आतल्या दाराकडे गेला. दाराच्या काचेतून मला त्याची पाठ दिसत होती आणि हातवारे करणारा एक ॲप्रनवाला. मग ॲप्रनवाल्याने फळीवरची बरणी काढली.

बारक्या रिकाम्या हातांनी परत आला. चेहरा पांढराफटक.

"सॉसमध्ये शेंगदाणे आहेत. वाटून घातलेत."

मी क्षमा मागितली नाही. तेवढ्याने भागण्यासारखं ते नव्हतं. थोड्या वेळाने तो पुन्हा आत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दुसरं ताट होतं.

"वेगळ्या तव्यावर केलंय. मी बघत होतो."

त्याने चमचा तोंडात घातला. मी त्याच्या ओठांवरची नजर काढू शकत नव्हते.

"बघू नकोस गं. काही झालं तर सांगेन. तू जेव."

मी माझ्या पुढ्यातला पाव मोडला. तो चावत होता, मी ऐकत होते. लांबच्या टेबलावरून कुणीतरी त्याला हाक मारली, आणि तोंडात घास असतानाच त्याने हात वर केला.