उत्तर ऐकणारी घंटा

मी एक जुनी काशाची घंटा आहे, मित्रांनो. डोंगराच्या कुशीतल्या एका एकट्या घरासमोर, उंच लाकडी खांबावर मी टांगलेली आहे. माझ्या कडेचा एक टवका उडाला आहे आणि अंगावर हिरवट डाग पडला आहे. आवाजाला मात्र अजून तोड नाही. हे मीच सांगते आहे, कारण इथे माझे कौतुक करायला कोणी रिकामे नसते.

मला एका म्हाताऱ्या ओताऱ्याने घडवले. साच्यातून काढून मी थंड झाल्यावर त्याने मला टिचकी मारली, कान लावला आणि "बोलकी आहे," एवढेच म्हणाला. पुढची वीस वर्षे मी एका गिरणीच्या फाटकावर काढली. माझा आवाज कानी पडला की माणसे डबा सावरत धावत सुटत, आणि मला वाटे, काय आपला दरारा! मग गिरणी बंद पडली. मी भंगारवाल्याच्या दुकानात फुटक्या पातेल्यांखाली जाऊन पडले. तिथे माझा सगळा तोरा उतरला.

तिथून मला आत्याने उचलले. बारकी नावाच्या आठ वर्षांच्या पोरीची ती आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि वहिनी यांनी हे घर स्वतःच्या हातांनी उभे केले. विजेची तार इथवर आलेली नाही. छपरावरच्या सौर पॅनेलवर चार दिवे लागतात, पाणी वरच्या झऱ्यातून नळीने उतरते आणि मोबाइल हे, वहिनीच्या मते, फक्त घड्याळ आहे.

माणसे दिवसभर चार दिशांना पांगलेली असत. म्हणून आत्याने एक नियम घातला. दुपारी जो घरी असेल त्याने माझी दोरी तीनदा ओढायची आणि बाकीच्यांनी असतील तिथून उत्तर द्यायचे. भाऊ खालच्या शेतातून "ओ" देई. बारकी खुराड्यापाशी बेंबीच्या देठापासून ओरडे. आत्या दोन बोटे तोंडात घालून शिट्टी मारी. सगळी उत्तरे आली की वहिनी ताटे वाढायला घेई. एखादे आले नाही तर चूल तशीच टाकून शोधायला निघायचे, असा दंडक होता. गिरणीत माझ्या आवाजाने माणसे नुसती धावत. इथे मला पहिल्यांदाच कोणीतरी उत्तर देऊ लागले.

यंदाचा वसंत आला तो हाताला उसंत न देणारा. बटाटे लावायचे होते, शेळी व्यायली होती, तीन कोंबड्या खुडूक होऊन बसल्या होत्या. त्यातच अंगठ्याएवढ्या एका पक्षिणीने माझ्या दोरीवर, अगदी माझ्या तोंडाखाली, गवताची आणि कोळिष्टकांची पिशवी विणली. आत तीन अंडी होती. बारकी कुंपणावर चढून तासन्‌तास बघत बसे. एरवी माझ्या दोरीला उगाच हात लावला तर आत्या डोळे वटारायची. त्या दिवशी मात्र ती हळूच म्हणाली, "पिल्लं उडेपर्यंत दोरी ओढायची नाही कुणी. तोवर ताट बडवा."

खरे सांगते, मी सुखावले. मला गप्प राहायला लावणारे पुष्कळ भेटले होते, पण कोणाच्या तरी भल्यासाठी गप्प राहा असे कोणी म्हटले नव्हते.

पहिल्या दिवशी वहिनीने ताट बडवले. भाऊचे उत्तर आले, बारकीचे आले, आत्याचे आले नाही. वहिनी पदर खोचून निघाली, तर आत्या समोरून हसत येत होती. "अगं, तुझं ताट वर झऱ्यापर्यंत ऐकूच येत नाही!" सगळे हसले. मीही मनात हसले. मित्रांनो, त्या हसण्याची मला आज लाज वाटते. त्या दिवसापासून आत्याच्या शिट्टीची कोणी वाटच बघेना. आत्या वर गेली असेल तर उत्तर येणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच टाकले.

नवव्या दिवशी सकाळी नळाची धार करंगळीएवढी झाली. हिवाळ्यातला पालापाचोळा दरवर्षी झऱ्याच्या हौदात साठतो आणि नळीचे तोंड तुंबते. आत्या फावडे घेऊन वर गेली. दुपारी ताट वाजले. भाऊने "ओ" दिली, बारकी ओरडली. वहिनीने आत्याचे ताट झाकून ठेवले आणि सगळे जेवले. भाऊ कुऱ्हाड घेऊन दूर जंगलाच्या कडेला लाकडे आणायला गेला.

ऊन उतरायला लागले तेव्हा बारकी रिकामी बादली हलवत आली. "आई, नळाला अजून पाणीच नाही."

वहिनीचा हात पिठातच थांबला. आत्या सकाळपासून वर होती आणि ते काम होते तासाभराचे. वहिनी धावत अंगणात आली आणि तिने वर माझ्याकडे पाहिले. घरट्याच्या तोंडातून अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीची इवलीशी चोच बाहेर डोकावत होती.

"आई, नको ना," बारकी म्हणाली.

वहिनीने डोळे मिटून दोरी ओढली.

मी थांबले नाही. थांबणे माझ्या हातात नसते, पण असते तरी थांबले नसते. पक्षीण फडफडत उडाली. दुसऱ्या की तिसऱ्या झटक्याला पिशवी फाटली. मी वाजत राहिले, डोंगर घुमेपर्यंत वाजत राहिले. मग वहिनीने दोरी घट्ट धरली आणि आम्ही दोघी ऐकू लागलो.

शिट्टी आली. बारीक होती, तुटकी होती, आणि हौदाकडून नव्हे, तर त्याच्या खालच्या घळीतून आली होती. हौदाशी जाऊन कोणी कितीही शोधले असते तरी तिथे काही दिसले नसते. भाऊ धापा टाकत आला. घसरलेल्या दगडाखाली आत्याचा पाय अडकला होता. त्याने आणि वहिनीने पहारीने दगड उचलला आणि तिला पाठीवर घेऊन खाली आणले.

ओसरीवर टेकवल्याबरोबर आत्याने विचारले, "घरटं?"

"आधी पाय बघू दे," वहिनी म्हणाली.

"दोरी ओढलीस ना तू?"

"ओढली."

"बरं केलंस," आत्या म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते.

बाहेरून लांब बांबूने मला ठोकले असते तरी चालले असते, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुचले. अशा गोष्टी दुसऱ्या दिवशीच सुचतात. बारकीने अंड्यांची टरफले वेचून वाफ्यात पुरली. पक्षीण दोन दिवस माझ्याभोवती घिरट्या घालत होती.

आता त्या खांबाला बांबू कायमचा टेकवून ठेवलेला असतो. आत्याचा पाय जुळला, पण लंगडा. ती डोंगर चढत नाही. दुपारची घंटा तीच वाजवते. हौदाकडून वहिनीची हाक येते, शेतातून भाऊची, खुराड्याकडून बारकीची. आत्या बोटांवर मोजते. सगळे झाल्यावर माझ्याखाली उभी राहून ती स्वतःही हळूच "ओ" म्हणते. ते मला एकटीलाच ऐकू येते.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असे मी म्हणत नाही. माझे एवढेच मागणे आहे. कोणाचे उत्तर आले नाही, तर त्याला ऐकू गेले नसेल असे म्हणून जेवायला बसू नका. उठा आणि बघून या.